गाण्यात फिल्म तुटली तेव्हा

नात नखांना पॉलिश लावायला बसली, की मला देवळीच्या टॉकीजची केबिन आठवते. बाबा तिथे ऑपरेटर होते, आणि तुटलेली फिल्म जोडायच्या सोल्यूशनला अगदी असाच वास यायचा.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. रॉक का काय म्हणतात तसल्या गाण्यांचा, गिटारवाल्या पोरांचा एक सिनेमा चार दिवसांत उतरला होता. पुढे त्याच्या कॅसेटी पानठेल्यांवर वाजू लागल्या, लग्नातले बँडवालेही तीच गाणी वाजवू लागले, आणि वर्षभराने सिनेमा परत आला. मी बाबांचा डबा घेऊन गेले तेव्हा दुपारचा खेळ खच्चून भरला होता.

नेमकी गाण्यातच फिल्म तुटली. अशा वेळी पब्लिक ऑपरेटरला शिव्या द्यायची, म्हणून बाबांनी घाईघाईने ती जोडायला घेतली. पण खालून एकही शिवी आली नाही. अंधारात सगळे ते गाणं पुढे म्हणत होते.

जोड वाळला तरी बाबा मशीन सुरू करेनात, याचा मला तेव्हा रागच आला. डबा गार होत होता.

"लावा नं बाबा."

"थांब व," बाबा म्हणाले, "त्यायचं कडवं होऊ दे."