गुरुवारचं धुणं

लिहायलाही लाज वाटते, पण दत्तमहाराजांपुढे कबूल केलंय, तर तुमच्यापासून काय लपवायचं!

देपालपूरकडच्या खदानीतून, चिखला-खड्ड्यांतून मुरूम आणणारा आमचा मोठा ट्रक चाळीसच्या वर गेला की थरथरायचा. स्टेअरिंग हातात नाचायचं, सीटवर कंबर मोडायची. चाकांची अलाइनमेंट करवली, कमानपाटे बदलवले, फरक शून्य. वडिलांच्या वेळचे ड्रायव्हर दामूकाका सांगत, "भिया, चाकाच्या आत एका बाजूला काळी माती जमून बसलीय. धुवू द्या ना." पण गाडीला सुट्टी गुरुवारीच, आणि मी पडलो दत्तभक्त! गुरुवारी आमच्याकडे धुणं नाही की फरशी पुसणं नाही. "काका, गुरुवारी नाही," म्हणायचो. असे कितीतरी गुरुवार गेले.

मग एकदा खदानीवर, सगळ्यांच्या देखत, माझी जीभ सुटली. "स्टेअरिंग नाही थरथरत काका, तुमचे हात थरथरतात. चावी द्या." त्यांनी चावी बोनेटवर ठेवली, गाडीला हात जोडले आणि पायीच निघाले. मी थांबवलंसुद्धा नाही.

पुढच्या गुरुवारी देवळाबाहेरच्या नळावर पाय धूत होतो, तर शेजारची एक अनोळखी म्हातारी डाफरली, "वर-वर काय धुतो रे? टाचेला चिखल तसाच आहे. असाच जाशील का दत्तापुढे?" वाकून टाच घासायला लागलो आणि हात तिथंच थांबला. काका तरी दुसरं काय सांगत होते? मान वर केली तर ती नव्हती. गर्दीत गेली असेल.

दर्शन न घेताच परतलो. गाडीखाली शिरून खुरप्यानं रिम खरवडली, तर आतून भाकरीएवढी ढेकळं निघाली, वाळून दगड झालेली. सगळी चाकं धुतली. राऊपर्यंत चालवून पाहिली. स्टेअरिंग एकदम शांत. आणि मी ढसाढसा रडत होतो.

तसाच स्नेहलतागंजला काकांच्या घरी गेलो, चावी पुढे केली. "काका, चुकलो. तुमचे हात..." त्यांनी माझ्या चिखलानं भरलेल्या बाह्या पाहिल्या. "धुतली? आज? गुरुवारी?" चावी घेताना त्यांचा हात स्थिर होता. थरथरत होता तो माझा.

महाराजांनी मला नळावरच गाठलं, हे त्यांचे उपकार. नेम अजून पाळतो, पण तो कसा पाळायचा हे आता त्यांच्यावर सोडलंय. दर गुरुवारी काका आणि मी मिळून गाडी धुतो.