मार्थाबाईंची मोठ्यांची शाळा

आगाशीच्या आमच्या शाळेत चार वाजता चहा येतो आणि चहाबरोबर मार्थाबाईंचा विषय निघतो. बाईंना जाऊन तीन वर्षं झाली, पण किस्से वाढतातच आहेत. ज्यांनी त्यांना पाहिलंही नाही असे नवे मास्तरसुद्धा आता रंगवून सांगतात. म्हणून मी फक्त माझ्यासमोर घडलेले सांगते.

हायस्कूलमधून रिटायर झाल्यावर बाईंनी ही शाळा काढली. अट एकच, विद्यार्थी तिशीच्या पुढचा हवा. शिवण, नळकाम, वायरिंग. मी चंदनसारहून शिवण शिकायला आले तेव्हा छत्तीस वर्षांची होते. फॉर्मवर ‘शिक्षण’ हा रकाना मी रिकामा सोडला होता.

बाई म्हणाल्या, “काय काय येतं ते लिहा.”

मी लिहिलं: स्वयंपाक, पोहणं, सातिवलीच्या कारखान्यात पॅकिंग, मिक्सर दुरुस्त करणं.

“मिक्सर कुणी शिकवला?”

“कुणी नाही. बिघडला होता.”

बाईंनी ‘शिवण’ खोडलं आणि ‘वायरिंग’ लिहिलं. मला विचारलंसुद्धा नाही. आठवडाभर मी त्यांच्यावर रागावले होते. आज तोच वर्ग मी शिकवते.

*

नळकामाच्या वर्गात एक सून यायची. एक दिवस तिचे सासरे तिला घरी न्यायलाच आले. दारातूनच म्हणाले, “आमच्या घरातली बाई पान्हा घेऊन फिरनार नाय.”

बाई म्हणाल्या, “बरोबर आहे. पण वर्ग अर्धा झालाय, संपेपर्यंत बसा.”

ते मागच्या बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी सुनेवर लक्ष ठेवायला आले. तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी त्यांनी हात वर केला.

“बाई, टाकी गच्चीवर. मग वरच्या मजल्यालाच पानी हलू का येतं?”

बाईंनी त्यांचं नाव हजेरीत घातलं. परीक्षेत सून पहिली आली. सासरे नापास झाले, आणि तीन महिने सुनेकडून शिकवणी घेऊन पुन्हा बसले.

*

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांच्या फॉर्मवर विचारलं होतं, ‘पालक सभा घेतली का?’

आमचे विद्यार्थी तीस ते साठ वर्षांचे. साहेब म्हणाले, “हे सोडून देऊ या.”

“कशाला?” बाई म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना आपापली मुलं घेऊन यायला सांगितलं. मुलं खुर्च्यांवर, आईबाप भिंतीला टेकून उभे. पाचवीतली एक मुलगी उठून म्हणाली, “आई घरी अजिबात अभ्यास करत नाही. मी सांगितलं तर म्हणते, उद्या करते.”

आई खाली मान घालून उभी होती. बाईंनी मुलीला विचारलं, “तुम्ही तिला मारता का?”

“नाही.”

“मग ठीक आहे. समजावून सांगा.”

*

बाई गेल्या तेव्हा अंत्यविधीच्या मिस्सेला चर्च भरलं होतं. बाहेर मांडवातही माणसं होती, सगळ्या बॅचची. फादर बाईंबद्दल बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला माइक बंद पडला.

वीस-पंचवीस जण एकदम उभे राहिले. कुणाच्या खिशात टेस्टर, कुणाच्या पर्समध्ये. फादर म्हणाले, “एकानेच या.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी गेले.

चर्चचं वायरिंग आमच्या पहिल्या बॅचने प्रॅक्टिकल म्हणून केलेलं. साठी उलटलेल्या बाई तेव्हा स्वतःही त्या वर्गात शिकायला बसल्या होत्या. मी मेन स्विच बंद केला, बोर्ड उघडला. एक जोड सैल झाला होता. आमच्या शाळेत ज्याने जोड मारला त्याने टेपवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं, असा बाईंचा नियम.

टेपवर लिहिलं होतं, ‘मा’.

“सापडलं का?” फादरांनी विचारलं.

मी बोर्ड लावून टाकला.

“नाही, फादर,” मी म्हणाले. “तुम्ही जरा मोठ्याने बोला.”