शेंदऱ्या चिखल्या

अमरावतीत मला लोक पक्ष्यांचे सर म्हणतात. शाळेत मी शिकवतो भूगोल, पण ते कोणाच्या लक्षात नसतं. दर हिवाळ्यात पोरांना घेऊन गावाबाहेरच्या तलावावर जातो, कोणतं बदक कुठून आलं ते सांगतो, एकदोनदा पेपरात फोटो छापून आला, झालं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती ही गाय. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण लोक उठता बसता 'सर, हा कोणता?' विचारायला लागले की 'माहीत नाही' एवढं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

माझा मोठा भाऊ तिवस्याजवळ आमच्या गावी वांगी, मिरची आणि झेंडू लावतो आणि तिवस्याच्या बाजारात स्वतः बसून विकतो. त्याने पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं, असलं काही आमच्यात घडलेलं नाही. शाळेत दोघांनाही घातलं होतं. दादा कंटाळून पळाला आणि मी टिकलो, हे तोच हसत हसत सांगतो. पण माझ्याबद्दल त्याला जो अभिमान आहे तो मला कधी पेलला नाही. पेपरातलं माझं कात्रण त्याने काचेत बसवून दुकानात टांगलंय. मिरची घ्यायला आलेल्या माणसाला आधी फोटो बघावा लागतो, मग मिरची मिळते. "आपला बापू हाय हा. पाखराईतला डाक्टर!" असं काही नसतं म्हणून मी त्याला सांगायचो, पण सांगताना मला आतून बरंही वाटायचं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीची बदली कोकणात, एका बंदराच्या गावी झाली. यंदा चैत्रात परीक्षा संपल्या आणि मी तिच्याकडे निघालो. दादा-वहिनींनी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून त्यांनाही सोबत घेतलं. स्टेशनवर दादाच्या खांद्याला एक जड पिशवी दिसली. त्यात ज्वारी होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पाखरं पाहाले चाललो ना आपुन? मंग रिकाम्या हातानं जा लागते का कोनाकडं?"

आमच्याकडे उन्हाळा लागला की घरोघरी झाडाला पाण्याचं मडकं टांगतात आणि खाली मूठभर दाणे टाकतात. पाहुणा असो की पाखरू, उन्हाचं आलं तर आधी पाणी. समुद्रावरचे पक्षी ज्वारी खात नाहीत, हे मी त्याला तिथेच सांगायला हवं होतं. हसलो आणि गाडीत चढलो.

पोहोचलो त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघं धक्क्यावर गेलो. होड्या लागल्या होत्या, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, जाळ्या वाळत पडल्या होत्या. गळ्यात माळ असलेल्या वहिनी नाकाला पदर लावून उभ्या होत्या, पण डोळे सगळीकडे फिरत होते. दादाचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. "हे का ऊन हाय?" तो म्हणाला. "आपल्याकडं याले सावली म्हनते. पन घाम पाय कसा फुटून राहिला!"

मी गळ्यात दुर्बीण अडकवून, टोपी घालून ऐटीत उभा होतो. पुस्तक आणलं नव्हतं. पक्ष्यांच्या डॉक्टराला पुस्तक कशाला लागतं!

सुरुवात बरी झाली. कुरव ओळखले, घार तर काय आंधळाही ओळखेल. दादाने कुरवांपुढे ज्वारी टाकली. एक कुरव चालत आला, दाण्यांकडे बघितलं आणि माशाच्या टोपलीकडे निघून गेला. "पोट भरलं असन त्याचं," दादा म्हणाला. मग तो एकेक पक्षी दाखवायला लागला आणि माझं अवसान गळायला लागलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे पक्षी कपडे बदलतात. निम्मा रंग हिवाळ्याचा, निम्मा उन्हाळ्याचा. तलावावर ज्यांना मी डोळे मिटून ओळखायचो त्यांची इथे ओळख पटेना. मी 'सुरयाची एक जात', 'तुतवारातला एक प्रकार' असं गोल गोल बोलत राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धक्क्याच्या पलीकडे खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा होता. पाणी चढलेलं होतं, आणि त्या पट्ट्यावर पक्ष्यांचा मोठा थवा एका पायावर, चोची पाठीच्या पिसांत खुपसून झोपला होता. माना आणि छात्या विटेसारख्या तांबड्या. असला पक्षी मी जन्मात पाहिला नव्हता.

"बापू, हे लाल लाल कोनते?"

दादा दुर्बिणीतून बघत होता. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. धक्क्याच्या कोपऱ्यावर एक लहानशी घुमटी आहे, तिच्यात शेंदूर फासलेला मारुती. तिकडे माझी नजर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "शेंदऱ्या चिखल्या."

चिखल्या नावाचे पक्षी आहेत. शेंदऱ्या मी जोडला.

"शेंदऱ्या चिखल्या," दादा म्हणाला. "वा! अन् आपल्या तिकडं नाई येत थो?"

"नाही. त्याला खारं पाणी लागतं. समुद्र सोडून जगत नाही."

एवढी पुस्ती जोडायची काही गरज नव्हती. खोटं बोलायला लागलं की माणूस शाळामास्तरासारखा बोलतो, आणि मी तर मास्तरच. वहिनींनी त्या पक्ष्यांना हात जोडले. "म्हनून एवढ्या दुरून या लागते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दादाने माझ्या मुलीला सगळं वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, शेंदऱ्या चिखल्या? तुमच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं नाही."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी खेकसलो. दादा म्हणाला, "पोरीवर काहून चिडतं बे? तिले कसं माईत असन?"

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून आम्ही पुन्हा धक्क्यावर गेलो. बघतो तर पाणी पार आत ओसरलेलं आणि लांबवर नुसता चिखल. भरती-ओहोटी मी वर्षानुवर्षं फळ्यावर चंद्र-सूर्य काढून शिकवतोय, पण पाणी रात्रीतून खरंच असं निघून जातं हे बघून मी दादाइतकाच चक्रावलो. त्या चिखलात पुण्याहून आलेल्या पक्षीनिरीक्षकांचा एक गट तिपाईवर दुर्बिणी लावून उभा होता. काल झोपलेला तो तांबडा थवा आता चिखलात चरत होता.

मी मुद्दाम मागे रेंगाळलो. पण दादाला अनोळखी माणूस हा प्रकार माहीत नाही. तो सरळ त्यांच्यात जाऊन उभा राहिला. आमची बोली, त्यात त्याचा बाजारात कमावलेला आवाज.

"थे लाल पाखरं पाहून राहिले का तुमी? शेंदऱ्या चिखल्या हाय थो. त्याले खारं पानी लागते. आमच्या वऱ्हाडात नाई भेटत."

दोघं तिघं हसले. दुष्टपणाने नाही, पण हसले. त्यांच्यातला एक पिकल्या दाढीचा माणूस नम्रपणे म्हणाला, "काका, शेंदऱ्या चिखल्या असा पक्षी नाही हो. हा पाणटिवळा. या, बघा यातून, चोच केवढी लांब आहे ती. आणि तुमच्या विदर्भात तर हे हिवाळ्यात तलावांवर असतातच. तिथे राखाडी दिसतात. परतीच्या आधी असे रंगतात."

मी दुर्बीण लावली. पाणटिवळाच होता. तीच लांब सरळ चोच, तेच लांब पाय. दर हिवाळ्यात पोरांना मी ज्याच्यावर अर्धा तास व्याख्यान देतो तो पक्षी. काल चोच झाकलेली होती आणि रंग नवा होता, तेवढ्यावर मी माझाच पक्षी विसरलो, आणि 'माहीत नाही' म्हणायच्या ऐवजी त्याला एक नाव चिकटवून दिलं. ते नाव आता दादाच्या तोंडून सगळ्यांसमोर पडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादाने वळून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग तो त्या माणसाला म्हणाला, "मंग माह्यानंच चुकलं असन. आमचा बापू हाय ना, थो पाखराईतला जानकार हाय. त्यानं बराबर सांगतलं असन, माह्याच ध्यानात नाई राहिलं. आपुन वांगे इकनारा मानूस."

मी पुढे झालो. हे तरी मी केलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाही. नाव मीच सांगितलं होतं. मला पक्षी ओळखता आला नाही, म्हणून मी मनाने नाव ठोकून दिलं. माझ्या भावाची काही चूक नाही."

बोलून टाकलं आणि वाटलं, आता हसतील, दोन शब्द ऐकवतील, होईल मोकळं. कोणी हसलं नाही. गटातली एक बाई माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघायला लागली की मला कळेना काय झालं. पिकल्या दाढीचा माणूस मान हलवत म्हणाला, "होतं असं, सर. काही हरकत नाही." सर! मी शिक्षक आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या गळ्यात दुर्बीण होती, डोक्यावर टोपी होती, आणि बोलणं त्यांच्यासारखं होतं. दादाच्या खांद्याला ज्वारीची पिशवी होती. आमच्या दोघांत चुकलेला कोण असणार, हे त्या चिखलात उभ्या असलेल्या प्रत्येकाने आधीच ठरवून टाकलं होतं. मी कितीही खरं बोललो तरी ते भावाला सांभाळून घेणंच दिसत होतं.

दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. "राहू दे, बापू," तो हळूच म्हणाला. "एवढं नको करू माह्यासाठी."

परतताना मी पुन्हा सांगितलं. मुलीच्या घरी, जेवताना, तिसऱ्यांदा सांगितलं. अगदी घुमटीतल्या मारुतीपर्यंत सगळं. दादा हसत राहिला. "बरं बाप्पा, तुहीच चूक. जेव आता." मुलीला सगळं कळलं होतं. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि नजर उचलली नाही.

गावी परतलो आणि नवीनच सुरू झालं. तिवस्याच्या बाजारात दादाला एक गोष्ट मिळाली होती. उन्हाळाभर, पावसाळाभर तो ती सांगत राहिला. एकदा मी दुकानात उभा असताना माझ्यादेखत सांगितली. समुद्रावर आपण कसं भलतंच बोलून बसलो, पुण्याचे लोक कसे हसले, आणि "माह्या भावानं एवढ्या लोकाईत माही चूक आपल्या आंगावर घेतली. कोनता भाऊ करते आजकाल असं?" वांगी निवडणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला नमस्कार केला. मी तो घेतला. काय करणार होतो! काचेतलं कात्रण माझ्या डोक्यावर होतं तिथेच होतं. त्या दिवसानंतर मी त्या दुकानात जायचं टाळायला लागलो, आणि दादाला वाटलं शाळेत कामं वाढली असतील.

यंदा थंडी पडली तसे तलावावर पाणटिवळे उतरले. एका रविवारी दादा न सांगता सकाळच्या एसटीने अमरावतीला आला. इतक्या वर्षांत तो माझ्याबरोबर तलावावर कधी आला नव्हता, बाजार सोडून त्याला जमायचं नाही. खांद्याला तीच पिशवी. काठावर त्याने ज्वारीची मूठ पसरली, चिमण्या-साळुंक्या उतरल्या, तो समाधानाने त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने चिखलात चरणाऱ्या एका राखाडी पक्ष्याकडे बोट केलं.

"हा कोनता?"

"पाणटिवळा," मी म्हणालो. "तोच तो, दादा. समुद्रावरचा. मी ज्याला..."

"थांब, थांब. मले म्हनू दे. पानटिवया." त्याने पुन्हा म्हटलं, आणि मग पुन्हा. म्हाताऱ्या हातांची बोटं मोजत, घोकल्यासारखं. "अजून दाखव. एकेक नाव मले पाठ करून दे. म्हनून तं आलो."

"पाठ करून काय करायचंय तुला?"

"काहून म्हनजे?" दादा म्हणाला. "पुन्यांदा कुठं गेलो आपुन, तं माह्यानं चुकाले नाई पायजे. तुले माह्यापाई चारचौघात खोटं बोला लागलं, थे मले अजून लागून हाय, बापू."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लावूनच ठेवली. शेजारी दादा ते नाव घोकत उभा होता.