दगड पडणार नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? परवा अहमदपूरच्या बसस्टँडवर एकानं माझी ओळख करून दिली — "हे आपले विज्ञानवाले सर, अफवांचा कर्दनकाळ." स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. गणपतीत मंडळं व्याख्यानाला बोलावतात. विषय ठरलेला — पृथ्वीचा अंत. लघुग्रह, सूर्यावरची वादळं, फुटणारे तारे. लोक आ वासून ऐकतात. आणि खरं सांगू? ते घाबरले की मला बरं वाटायचं.

त्या वर्षी टीव्हीवाले एका लघुग्रहाच्या नावानं बोंबलत होते. डिसेंबरअखेर तो येणार, सगळं संपणार. तो चंद्राच्याही कितीतरी पलीकडून जाणार होता. मला हे पक्कं माहीत होतं. चाकूरच्या मांडवात मी ते सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर व्याख्यानातली हवाच गेली असती! मागून एक माणूस उठला, बळीराम. त्याची मुलगी रेखा माझ्याच वर्गात, बारावीला. "सर, खरंच पडंल का वो?" मी माईक जवळ घेतला. "पडायचा असेल तर तो काय सांगून पडणार आहे?" टाळ्या पडल्या. टाळ्या!

बळीरामनं टाळी वाजवली नाही. लहानपणी भूकंपात त्याचं अख्खं घर गाडलं गेलं, तो एकटाच जिवंत निघाला. आजही तो दाराशी झोपतो. भूकंपही सांगून आला नव्हता — आणि मी त्याला काय बोललो होतो?

तुळशीचं लग्न लागलं आणि त्यानं पहिलाच मुहूर्त धरला. सगळं संपायच्या आत पोरीच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघायच्या, एवढंच त्याच्या डोक्यात. पोर नुकतीच अठराची झालेली.

रेखा स्टाफरूमच्या दाराशी आली. रडली नाही. संतापली होती. "सर, आमच्या वडलांना एकदाच म्हना, दगड पडत न्हाई म्हनून. म्या गणित करून दाखवलं, पन ते माझं ऐकायलेच न्हाईत. सर म्हनले तेच खरं म्हनतात."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. का? उदगीरचं, देगलूरचं व्याख्यान ठरलं होतं. चाकुरात जाऊन काय म्हणायचं — मी स्टेजवर खोटं बोललो? एक वाक्य बोलायचं होतं हो, एकच! तेवढीही हिंमत नव्हती. स्टाफरूममध्ये मात्र तावातावानं टीव्हीवाल्यांना शिव्या घातल्या. "बाप अडाणी आहे," असंही म्हणालो. कोण म्हणालं? मी!

लग्नाला गेलो — तेही वेळेवर. रेखानं अंतरपाटाआडून एकदा माझ्याकडे बघितलं. मी अक्षता टाकल्या, पंगतीत बसलो, जिलेबी मागून घेतली. निघताना बळीरामनं हात जोडले. "सर, तुमच्यामुळं येळेत उरकलं."

मी मान डोलावली.

लघुग्रह लांबून निघून गेला. रेखा परीक्षेला बसली नाही. पुढच्या गणपतीत मी तेच व्याख्यान पुन्हा दिलं.