बारा हजार फुटांवर म्हशीच्या चालीनं

लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी आम्ही दोघं मिळून एकदाही बाहेर मुक्कामाला गेलो नव्हतो. कारण म्हैस. दारात दुभतं जनावर असलं की दोघांपैकी एकानंच पाहुण्यांकडे राहायचं आणि दुसऱ्यानं धारेच्या वेळी घरी असायचं, हा मुळशीतल्या भुकूम गावी आमच्यासारख्या घरांचा कायदा. लग्नांना मी जायचो, बारशांना ती जायची. पाहुण्यांच्या फोटोंमध्ये आम्ही दोघं शेजारी शेजारी कुठंच नाही.

गेल्या वर्षी शेवटची म्हैस मेहुण्याकडे धाडली. डोंगराच्या पायथ्याला जिथं ती चरायची तिथं आता सोसायटीचं गेट आहे, आणि गेटवरचा रखवालदार म्हशीला आत सोडत नाही. बायको दोन दिवस रिकाम्या गोठ्यात उगाचच झाडत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता तरी बर्फ दाखवा."

बर्फाचं तिचं वेड जुनं. घरात पहिला फ्रीज आला तेव्हा ती फ्रीजरच्या भिंतीवरचा पांढरा थर बोटानं खरवडायची आणि तळहातावर घेऊन विचारायची, डोंगरावरचा असाच असतो का. मला काय माहीत? मी म्हणायचो, असेल. म्हटलं तर तिनं सव्वीस वर्षांत माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती द्यायची मी मनापासून ठरवली होती.

आता माझ्याबद्दल. डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हापासून मी पळतो. गावामागच्या डोंगरावर, पायवाटेनं, रोज. आमच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरू पोरांनी पळायचं घड्याळ घ्यायला लावलं. पन्नाशीचा माणूस आपल्याआधी माथ्यावर पोचतो म्हणून ती मला मानतात, आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू? आमच्या डोंगराची रीत ठरलेली: ऊन अंगावर यायच्या आत माथा गाठायचा, पहिल्या पावलापासून दम लावायचा, पाणी खाली उतरल्यावर प्यायचं. बापानं असंच चढायला शिकवलं. डोंगर म्हणजे डोंगर, मुळशीतला काय आणि हिमाचलातला काय, अशी माझी समजूत होती.

हिमाचलात बारा हजार फुटांच्या वरच्या एका खेड्यात आम्ही उतरलो. ज्यांच्या घरी राहिलो त्या मालकीणबाईंनी दारातच हिंदीत बजावलं की दोन दिवस काही करायचं नाही, पाणी पीत राहायचं, जिनासुद्धा सावकाश चढायचा. तिसऱ्या दिवशी जीप आम्हाला वरच्या खिंडीत नेणार होती. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ. बायकोनं बाईंचा शब्द देवाचा मानला. दोन तांबे पाणी पिऊन ती गच्चीवर मांडी घालून बसली आणि समोरच्या उघड्याबोडक्या डोंगरांकडे बघत राहिली. मला हसू आलं. म्हटलं, ही माणसं शहरातल्या पर्यटकांना सांगायचं ते आपल्यालाही सांगतायत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बूट घातले आणि तिला न उठवता निघालो. आदल्या संध्याकाळी डोकं दुखलं होतं, तेही तिला सांगितलं नव्हतं. कुरणाकडे जाणारी वाट घराच्या मागूनच चढत होती. पहिल्या पावलापासून दम लावला. पहिली पाच मिनिटं मी राजा होतो. मग छातीचा भाता झाला, आत हवा जाते आहे पण पोचत नाही असं वाटायला लागलं. शहाणा माणूस थांबला असता. मी घड्याळात बघितलं. भुकूमच्या वेळेपेक्षा मी निम्म्यानं हळू होतो, म्हणून आणखी जोर केला. वाटेत काय होतं, डावीकडे काय, उजवीकडे काय, विचाराल तर सांगता येणार नाही. मला फक्त मनगट दिसत होतं.

पुढं एका वळणावर पोटातलं सगळं बाहेर आलं. उठायला गेलो तर पाय भलतीकडेच पडायला लागले. दगडाला टेकून खाली बसलो. खरं सांगतो, भीती वाटली. आणि भीतीच्या जोडीला दुसरी एक गोष्ट टोचत होती, की उद्याची जीप आता गेली.

किती वेळ बसलो ठाऊक नाही. ऊन दगडावर आलं तेव्हा खालून ती दिसली. साडीवर माझं जाड स्वेटर, पायात नवे बूट, काखेत चहाचा थर्मास. धावत नव्हती, की थांबतही नव्हती. एकेक पाऊल टाकत, मुंगी यावी तशी वर आली. नंतर कळलं की मालकीणबाई कुणाला तरी सोबत धाडत होत्या, पण ही तोवर निघालीसुद्धा होती.

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, झाकणात चहा ओतून दिला आणि घोटभरच प्या म्हणाली. विशेष म्हणजे तिला धापसुद्धा लागली नव्हती. मी विचारलं, एवढं चढून आलीस कशी?

"गाभण म्हशीमागं चालायची तसं आले," ती म्हणाली. "ती पाय टाकंल तवा आपला टाकायचा. तिला घाई न्हाई, आपल्याला बी न्हाई. चला, तुमी बी तसंच उतरा."

वीस वर्षं ती आमच्या डोंगरावर म्हशीमागं हिंडली होती आणि मी घड्याळ बांधून तिच्या शेजारून पळत गेलो होतो. तिनं माझा हात काखेत घट्ट धरला. एक पाऊल, मग श्वास, मग दुसरं पाऊल. तोल गेला की तिचा दंड आडवा यायचा. अशी ती मला खाली घेऊन आली.

मालकीणबाईंनी माझ्या चालण्याकडे बघितलं आणि लगेच गाडी बोलावली. आत्ताच खाली जा, अजिबात थांबू नका म्हणाल्या. हजारो फूट खाली, सफरचंदांच्या बागांमधल्या एका गावी उतरलो तसं डोकं हलकं झालं. पण डॉक्टरांनी पुन्हा वर जायला सक्त मनाई केली आणि परतीची तिकिटं ठरलेली होती. तिला म्हटलं, तू एकटी जाऊन ये, गाडी करून देतो. ती नको म्हणाली. बर्फ कुठं पळून जात नाही म्हणाली. परतीच्या गाडीत मी तिची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं पेरू कापून माझ्यापुढं धरला.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ती फ्रीज धूत होती. फ्रीजरचा थर सुटून तिच्या ओंजळीत आला. तिनं तो थोडा वेळ निरखला आणि सहज बोलावं तशी म्हणाली, "असाच होता. पर मळकट. वर माती बसलेली."

"कुठला?"

मग तिनं सांगितलं. कुरणाच्या वाटेवर, डावीकडच्या कातळाच्या सावलीत, अंगणाएवढा बर्फ होता. पार वाटेला लागून. मी त्याच्या शेजारून पळत गेलो होतो. तिनं तो चढताना पाहिला होता, पण मी कुठं दिसत नव्हतो म्हणून ती थांबली नाही. उतरतानाही आम्ही त्याच्या अगदी कडेनं आलो होतो, आणि ती एक शब्द बोलली नव्हती.

मी म्हटलं, अगं, उतरताना तरी सांगायचंस. वाकून हात लावायला कितीसा वेळ लागला असता?

ओंजळीतलं पाणी मोरीत सोडत ती म्हणाली, "तुमचा हात सोडायला लागला असता."