तिचं मायनर, माझं मेजर

अक्का गेल्याचा निरोप वर्गाच्या ग्रुपवर आला, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार लिहायलाही लाज वाटते... आता अर्थशास्त्रात पहिली मीच. धुळ्याला भावाकडे गेली होती, तिथेच हृदयविकाराचा झटका आला. चाळिशीही पुरती गाठली नव्हती. दीड महिना झाला, तरी तो विचार माझा पिच्छा सोडत नाही.

आमच्या जळगावच्या कॉलेजात ती सगळ्यांचीच अक्का. माहेर पारोळ्याचं, सासर पिंप्राळ्यात. मुलगी आठवीत गेल्यावर हिने बी.ए.ला नाव घातलं. मेजर मराठी, अर्थशास्त्र नुसतं मायनर. माझं मात्र तेच मेजर. पानंच्या पानं पाठ करायची मी, आणि सर बोलणार तिच्याशी! मागणीच्या नियमाच्या तासाला ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द मी लाल शाईने अधोरेखित करत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली, “सर, चंपाषष्ठीले वांगा महाग व्हतस, तरी भरीत कराले बठ्ठा लोके लेतसच. मंग इतर परिस्थिती कायम कधी राहस?” महाग झाली तरी सगळे वांगी घेतातच, हे ऐकून सरांनी खडू खाली ठेवला आणि उरलेला तास तिच्याशीच बोलले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पहिल्या वर्षाच्या शेवटी तिने मला कँटीनपाशी गाठलं. “मेजर बदलू का? अर्थशास्त्र जमी का माले?” जमेल, माझ्यापेक्षा चांगलं जमेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, “पुढे सगळं गणित आहे अक्का, तुम्हाला नाही झेपायचं.” “तुले जास्त समजस,” असं म्हणून ती हसली आणि मायनरवरच राहिली. शोकसभेत सर म्हणाले, “तिने मेजर का घेतलं नाही, मला कळलंच नाही.”

गेल्या रविवारी तिच्या घरी गेले. मुलीने चहा टाकला. ओट्याच्या मागच्या फरश्यांवर मार्करने काहीतरी लिहिलेलं दिसलं... अवकलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची गणितं, आमच्या मेजरच्या पुस्तकातली.

“आईची आहेत,” मुलगी म्हणाली. “गणित झेपायचं नाही, असं कुणी ताई म्हणाली होती तिला. मग पोळ्या करताना रोज एक सोडवायची. आम्ही पुसली नाहीत.”

चहा निवून गेला. मी एकेक ओळ तपासत होते, कुठे तरी चूक निघेल म्हणून. एकही निघाली नाही.