डाव्या हाताचा नियम आणि लखनौचा इमामबाडा

महानगर कॉलनीतल्या भावाच्या घरून सकाळी साडेसातला निघालो तेव्हा इतकं धुकं होतं की शेजारच्या गेटवरचा कुत्रा नुसता ऐकू येत होता. गाडी चालवत होता माझा धाकटा भाऊ मिलिंद. तो रेल्वेत इंजिनियर आहे, बावीस वर्षांपूर्वी अमरावतीहून बदलीवर आला आणि इथलाच झाला. शेजारी मांडीवर थर्मास घेऊन त्याची बायको सुजाता. मागे मी, नागपूरच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेली ग्रंथपाल, आणि या दोघांची मुलगी, माझी भाची गौतमी. मला उत्साहानं पहाटे चारलाच जाग आली होती. ते कुणाला सांगितलं नाही, कारण कोणत्याही भव्य वस्तूनं न भारावणारी बाई अशी घरात माझी ख्याती आहे.

त्या ख्यातीमुळेच त्या दिवशी मला न्यायाधीश नेमलं होतं. गौतमीला पर्यटकांची गाइड व्हायचं होतं. लेखी परीक्षा ती पास झाली होती आणि दहा दिवसांनी परीक्षकांना इमामबाडा फिरवून दाखवायचा होता. मिलिंदला ती बँकेत हवी होती. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म त्यानं स्वतःच्या फोनवर भरून ठेवला होता. फोटो, सही, सगळं चढवलेलं, फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत.

"आज ही आपल्याला फिरवेल," मिलिंद म्हणाला. "नीट फिरवलं तर मी बटण दाबणार नाही. नाहीतर दाबणार, आणि मग मुकाट्यानं अभ्यास. ठरवणार ताई."

"आत्या तो किसी को पास ही नहीं करतीं," गौतमी खिडकीबाहेर बघत म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीत येतं.

"म्हणूनच नेमलंय," सुजाता म्हणाली.

चौक नावाच्या जुन्या बाजारात, गोल दरवाजापाशी 'मक्खन मलाई' खाल्ली. हा दुधाचा केशरी फेस फक्त थंडीत सकाळी मिळतो. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो, आणि खाल्लं की नुसतं ठरवलं होतं असा प्रश्न पडतो. मी तीन द्रोण खाऊन खात्री करून घेतली.

मग धुक्यातून रूमी दरवाजा पुढे आला. त्याला दरवाजा म्हणायचं, पण कडी नाही, कोयंडा नाही, अडवायला आजूबाजूला भिंतही नाही. साठ फूट उंच रुबाब, एवढंच त्याचं काम. त्याखाली एक नवपरिणीत जोडपं रील काढत होतं आणि नवऱ्याला पाचव्यांदा मागे जाऊन पुन्हा चालत यायला लावलं जात होतं. मी टीका करायला तोंड उघडलं आणि मान वर केली. कमानीची कड कमळाच्या पाकळ्यांसारखी आभाळात उमलली होती. तोंड तसंच उघडं राहिलं.

बड्या इमामबाड्याच्या फाटकावर मिर्झाचाचा भेटले. हे इथले जुने गाइड, गौतमी वर्षभर त्यांच्या मागे फिरून शिकली होती. तिच्याकडे अजून लायसन्स नाही म्हणून ते सोबत येणार होते. "हम आज गूँगे हैं," ते मला म्हणाले आणि हात मागे बांधून शेवटी चालू लागले.

गौतमीनं सुरुवात चांगली केली. मोहरमच्या शोकासाठी बांधलेली ही वास्तू. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाबसाहेबांनी ती काढली. दिवसा रयतेनं बांधायचं आणि रात्री अंधारात, कुणी ओळखू नये म्हणून, घरंदाज माणसांनी पाडायचं, म्हणजे दोघांनाही मजुरी. "आत्या, दुष्काळ इतिहास है। रात वाला किस्सा है। दोनों अलग-अलग रखिए।"

चाळीस वर्षं मी पुस्तकं याच तत्त्वावर फळीला लावली. मनात एक गुण दिला.

पण मिलिंद तिला बोलू देईना. जोडे काढून मुख्य दालनात शिरलो. एवढं प्रचंड छत, खाली एक खांब नाही. ती सांगायला लागली तोच तो म्हणाला, "साधं आहे. वर पोकळ बोळ ठेवलेत, त्यामुळे वजन कमी. तीच भूलभुलैया." ती पुढचं वाक्य बोलली, त्यानं त्यात दुरुस्ती केली. तिसऱ्या दुरुस्तीनंतर तिचा आवाज बसला आणि ती पाठ केलेलं भराभर म्हणू लागली. मनातला गुण मी काढून घेतला, नाइलाजानं.

भूलभुलैया म्हणजे त्या छताभोवतीचे चिंचोळे बोळ. एकाला एक सारख्या कमानी, मध्येच उंच पायऱ्या, भिंतीत कोनाडे. सगळीकडे शेवाळाचा ओला वास. समोरून एका शाळेची सहल आली आणि आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. सहल गेली. मोबाइलच्या उजेडात पुढे चालत आम्ही दालनावरच्या छज्ज्यावर (आतल्या सज्ज्यावर) पोचलो.

"हे कुठे आहेत?" सुजाता म्हणाली.

मिलिंद नव्हता.

"मघाशी मला म्हणाले," ती पुढे म्हणाली, "डावा हात सतत भिंतीला लावून चाललं तर कुठल्याही चकव्यातून बाहेर पडता येतं, गाइड लागत नाही. मी म्हटलं, करून बघा. मला काय माहीत खरंच करतील."

फोन लावला. त्या भिंतींच्या आत फोन लागत नाही.

गौतमीचा चेहरा उतरला. परीक्षेला निघालेल्या गाइडनं पहिल्याच फेरीत एक पर्यटक हरवला होता, आणि तोही बटण दाबणारा. तिनं मिर्झाचाचांकडे पाहिलं. ते छताचं नक्षीकाम पाहत होते.

ती बोटांवर मोजू लागली. "बायाँ हाथ... तो पहली सीढ़ी छूट जाएगी... फिर बायाँ..." मग समोर बोट केलं. "वो उधर निकलेंगे। और बार-बार वहीं निकलेंगे। ये नियम एक मंज़िल पर चलता है। यहाँ सीढ़ियाँ हैं।"

पाचेक मिनिटांत दालनापलीकडच्या छज्ज्यावर तपकिरी स्वेटर उगवला. मिलिंदनं आम्हाला पाहिलं, सहज तिथूनच बघायचं होतं असा खाली एक दृष्टिक्षेप टाकला, डावा हात भिंतीला लावला आणि आत गेला. थोड्या वेळानं पुन्हा तिथेच उगवला. या वेळी त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. घाम पुसला.

मध्ये दीडशे फुटांचं दालन. खाली शंभर-दीडशे माणसं, शिवाय ओरडू नका म्हणून सांगणारा पहारेकरी. आणि आवाजासाठीच तर ते दालन प्रसिद्ध. एका टोकाला काडी ओढली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते. तिथे कुणाला हाक मारणं म्हणजे सगळ्या दालनाला सांगणं, की साहेब हरवलेत.

गौतमी भिंतीजवळ गेली आणि अगदी हळू आवाजात बोलली. मराठीत.

"पप्पा, तिथंच थांबा. डावा हात काढा भिंतीवरून. मागे वळा. पहिली कमान सोडा, दुसरीतून पायऱ्या चढा. वर उजेड दिसेल. तिथं थांबा, मी येते."

पलीकडे मिलिंद स्तब्ध उभा राहिला. मग त्यानं भिंतीवरचा हात उचलला आणि खिशात घातला. वळून आत गेला.

आमच्या शेजारच्या कानपूरच्या बाईंनी विचारलं, "क्या बोल रही है बिटिया?"

"गूँज दिखा रही हैं," मिर्झाचाचा म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं ते दुसरं वाक्य.

गच्चीवर मिलिंद उन्हात उभा होता, बाजूला गौतमी. धुकं विरलं होतं. रूमी दरवाजाचा माथा, मशिदीचे मिनार, लांब गोमती, सगळं एकदम लख्ख. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"मी बघत होतो, नियम चालतो का ते," मिलिंद म्हणाला.

मिर्झाचाचांनी अदबीनं मान झुकवली. "साहब, यहाँ रोज़ चार-छह लोग खो जाते हैं। मगर आप पहले हैं जो नियम से खोए।"

सुजाता एवढी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. शेवटी मिलिंदही हसला.

मी गौतमीला बाजूला घेऊन विचारलं, "मराठी कशी सुचली गं?"

"हिंदी में बोलती तो पूरा हॉल समझ जाता, आत्या। पप्पा का क्या रह जाता?"

त्यानंतर आम्ही आवारातल्या शाही बावलीत (पायऱ्यांच्या विहिरीत) उतरलो. बाहेर फाटकातून येणारा माणूस आतल्याला पाण्यात दिसतो आणि येणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, हे तिनं सांगितलं. मिलिंद काही दुरुस्ती करेल म्हणून ती क्षणभर थांबली. तो पाण्याकडे वाकून म्हणाला, "कोणत्या पायरीवरून दिसतं?" तिनं त्याला खांद्याला धरून दोन पायऱ्या खाली सरकवलं. मग तिचा आवाज पुन्हा मोकळा झाला, आणि तिच्या मागे कानपूरच्या बाई आणि त्यांचं आख्खं कुटुंब येऊन उभं राहिलं.

दुपारी गलावटी कबाब खाल्ले. दात नसलेल्या नवाबासाठी ते शोधले गेले, हा किस्सा. मी चार खाल्ले, हा इतिहास.

संध्याकाळी चौकात एका टपरीवर मीठ घातलेला गुलाबी काश्मिरी चहा पीत उभे होतो. सहाला पाच कमी होते. मिलिंदनं फोन काढला. गौतमी कपात बघत राहिली. मी निकाल तयार ठेवला होता, कारणांसकट. तो कुणी मागितलाच नाही. मिलिंदनं फोन परत खिशात ठेवला आणि टपरीवाल्याला म्हणाला, "भैया, चार और।" दुसरा चहा संपला तेव्हा सव्वासहा झाले होते.

दोन दिवसांनी तो मला सोडायला चारबाग स्टेशनवर आला. या शहरात स्टेशनलाही घुमट आणि बुरूज आहेत. साधी वेटिंग रूम शोधतानाही आपण कुणाच्या तरी दरबारात चाललोय असं वाटतं. बॅग उचलून पुढे चालणाऱ्या भावाकडे पाहताना वाटलं, आयुष्यभर मी गाइडच्या माहितीतल्या चुका टिपत आले. हरवलेल्या माणसाला न ओरडता कसं आणायचं, ते कुठल्याच गाइडमध्ये पाहायचं सुचलं नव्हतं.

गाडी सुटायला दहा मिनिटं होती. मिलिंद खिडकीशी उभा राहून म्हणाला, "रविवारी ऑफिसमधली सहा माणसं येतायत इमामबाडा बघायला. परीक्षेआधी तिला सराव होईल. चाचापण येणार आहेत."

"आणि तू?"

"मी मागून चालणार."